तिसऱ्या मजल्यावरचं दार

जयसिंगला अर्जुनसालीचा काढा मी सुचवला. मंडईजवळून साल आणून दिली तीही मीच. पुण्यात सल्ला फुकट मिळतो, आणि निवृत्त माणसाकडे तर जरा जास्तच.

एकाच कचेरीत आम्ही तीस वर्षं काढली. मी कारकून, तो ड्रायव्हर, वाघोलीचा. संध्याकाळी गाडी लावली की थेट बारमध्ये. मुलगी उत्कर्षा लग्न होऊन कात्रजला निघाली तेव्हा म्हणाली, "आप्पा, दारू सुटल्याशिवाय माझ्या दारात येऊ नका." त्याने सोडली. खरंच सोडली. पण तोवर दारूने हृदय पार कमजोर केलं होतं. डॉक्टरांनी बजावलं, गोळ्या चुकवू नका, सपाटीवर हळूहळू चाला.

उत्कर्षाचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मीच येते म्हणून ती फोनवर रडली, तरी हा ऐकेना. "तिच्या दारात माझ्या पायानं जायचं हाय, भाऊसाहेब."

रोज सकाळी चालायचा, काढा प्यायचा. दोन महिन्यांत चेहऱ्यावर तरतरी आली. मी फुशारलो. एक दिवस म्हणाला, "गोळ्या बंद केल्या. झाडाच्या औषधानंच बरं वाटतंय." तिथेच त्याला झापायला हवं होतं. मी म्हणालो, "झाडपाल्याने अपाय तर होत नाही." केवढा शहाणा मी!

दिवाळीनंतरच्या रविवारी मला बरोबर घेऊन तो कात्रजला गेला. लेकीला कळवलं नव्हतं. अंगात नवा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा. पहिला मजला चढून हसला. दुसऱ्यावर पायरीवरच बसला, घामाने निथळत. मी हाक मारणार, तेवढ्यात त्याने माझं मनगट धरलं. "नको. असं दमलेलं बघंल ती. दोन मिनिटं थांबा."

मी थांबलो. मनगटावरचा हात सैल पडला, तेव्हा ओरडलो. उत्कर्षा अनवाणी धावत खाली आली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

तेराव्याला ती माझ्याशी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, "काका, मी घरातच होते. वीसेक पायऱ्या तर होत्या. हाक का नाही मारलीत?"

गोळ्यांचं मी तिला अजून सांगितलेलं नाही.