आगळ की सोलकढी?

क्योतोहून निघायच्या दिवशी पहिली ठिणगी पडली ती आगळावरून.

मंजिरीने, म्हणजे माझ्या लेकीने, गाडी पार्किंगमधून थोडी पुढे घेतली आणि खालच्या सिमेंटवर तळहाताएवढा गुलाबी डाग दिसला. ती उतरली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "आई, तुझं आगळ सांडलं."

माझं आगळ! चिपळूणहून विमानाने आणलेली कोकमाच्या आंबट रसाची बाटली. टोपणाला मेण, त्यावर प्लास्टिक, त्यावर दोरा आणि वरून पिशवी. आमच्या आळीतलं कुणी मुंबईला निघो नाहीतर दुबईला, बाटल्या बांधून घ्यायला माझ्याकडेच येतं.

"बाटली मागे डिकीत आहे. डाग पुढच्या चाकाशी आहे," मी म्हणाले.

"पार्किंगला पुढे उतार आहे, आई. ओघळलं असणार."

मंजू क्योतोच्या विद्यापीठात शेवाळावर संशोधन करते. ओघळ कुठून कुठे जातात हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळणार, म्हणून मी गप्प बसले. गप्प बसले म्हणजे पुढचा तासभर याखेरीज दुसरं काही बोलले नाही. शेजाऱ्यांनी बघायच्या आत तिने डाग धुऊन टाकला आणि आम्ही निघालो.

गाडीचं नाव ठमी. बुटकी, गोलमटोल, दार लावताना दोनदा ओढावी लागणारी. मायदेशी परतणाऱ्या एका सहकाऱ्याकडून मंजूने ती घेतली, तेव्हाच ती उताराला लागलेली होती. आल्या दिवशी मी तिला डबा म्हणाले होते, तेव्हा मंजूने इतक्या गंभीरपणे "आई, तिला असं म्हणायचं नाही," असं बजावलं, की त्यानंतर मी ते मनातच म्हणत आले.

या सहलीचा हट्ट माझा. जपानात सूर्य समुद्रातून उगवतो हे मी ऐकून होते. पण आम्ही कोकणातली माणसं, आमचा सूर्य समुद्रात मावळतो. तसा समुद्र इथे नाही का, असं विचारल्यावर मंजू म्हणाली, उत्तरेला आहे, तांगोचा किनारा. तिथे जायचं, मासे खायचे आणि वाळूवर बसून सोलकढी प्यायची असं ठरलं. नारळाच्या दुधाचा डबा, मिरची, लसूण आणि गाळणी सगळं मी बरोबर घेतलं होतं.

सामानात आणखी एक गोष्ट होती. एक प्रश्न, तोही चिपळूणहूनच आणलेला. मंजूची विद्यापीठातली मुदत मार्चमध्ये संपत होती. मग तू घरी येणार ना, एवढाच प्रश्न. तीन आठवडे तो माझ्या ओठांवर येऊन परत जात होता.

शहर मागे पडलं आणि दोन्ही बाजूंना देवदारासारख्या उंच झाडांचे डोंगर सुरू झाले. सप्टेंबर संपत आला होता. खाचरांमध्ये पिवळा भात उभा होता आणि बांधांवर पान नसलेली लालभडक फुलं रांगेने फुललेली. "हिगानबाना (पितृपक्षासारख्या दिवसांत फुलणारं फूल)," मंजू म्हणाली. म्हणजे इथेही याच दिवसांत गेलेल्यांची आठवण काढतात. मला उगाच बरं वाटलं.

गवताने शाकारलेल्या घरांचं एक गाव लागलं. तिथल्या छोट्या खानावळीत आम्ही जेवलो. पानात आला हेशिको (कोंड्यात मुरवलेला खारा बांगडा). पहिल्या घासाला मी डोळे मिटले. आमच्या सुक्या बांगड्याचाच चुलतभाऊ! मालकीणबाई कौतुकाने बघत होत्या. मला येणारे जपानी शब्द एका हाताच्या बोटांवर मावणारे, त्यातला सगळ्यांत आवडता मी वापरला, "अताराशी?" म्हणजे नवं, ताजं. क्योतोच्या बाजारात माशांचे कल्ले उचलून बघताना तो मला कोळणीने शिकवला होता. बाई हसून लोळायच्या बाकी राहिल्या. हेशिको वर्षभर मुरतो, त्याला ताजा का विचारायचं?

बाहेर आलो तर ठमीखाली पुन्हा गुलाबी थेंब. पुन्हा पुढच्याच बाजूला.

"इथे उतार नाही," मी म्हणाले.

मंजूने बोट टेकवून वास घेतला आणि तिचा चेहरा बदलला. "गोडसर येतोय."

"आगळ आंबट असतं," मी म्हणाले. माझ्या आवाजातला आनंद मला लपवता आला नाही. डिकी उघडून बाटली काढली. खडखडीत कोरडी! मी ती खानावळीच्या दारात उंच धरली. गाडी गळतेय आणि मी खुशीत, असा तो प्रकार होता.

इंजिन गार ठेवणारं पाणी म्हणजे कूलंट, आणि तेही मेलं नेमकं गुलाबीच. मंजूचं म्हणणं पडलं, थोडंच गळतंय, घाट ओलांडून खाली उतरलं की गावात गॅरेज आहे, तिथवर जाऊ.

घाटाच्या वरच्या वळणावर स्टिअरिंगसमोरचा लाल दिवा लागला. आता इंजिन तापलं होतं. मंजूने खिडक्या खाली केल्या आणि गाडीतला हीटर पूर्ण सोडला.

"अगं, उकडतंय त्यात हीटर?"

"इंजिनाची उष्णता आत ओढून घ्यायची. तेवढंच ते गार होतं."

मग काय, वाऱ्याने केस पिंजारलेले, खालून पायांना भट्टी, अशा दोघी आम्ही रस्ता रुंद झाला तिथवर पोचलो आणि ठमीला बंद करून झाडाखाली बसलो. झाकण गरम असताना उघडायचं नाही, उकळतं पाणी अंगावर उडतं, हे मंजूने मला दोनदा सांगितलं. मी काही उघडायला निघाले नव्हते. ती बोनेटशी उभी राहून गाडीवरून हात फिरवत होती, तापातल्या पोराच्या कपाळावरून फिरवावा तसा.

"पहिल्या हिवाळ्यात मला इथे कुणी नव्हतं, आई," ती एकदम म्हणाली. "फोनवर मी सांगायचे मजेत आहे. रविवारी हिच्यात बसून डोंगरात जायचे शेवाळ बघायला. मोठमोठ्याने मराठीत बोलायचे हिच्याशी."

मला गलबलून आलं. इतके दिवस मी त्या गाडीला मनातून डबा म्हणत होते.

इंजिन निवल्यावर प्यायच्या बाटल्यांमधलं पाणी आत ओतलं आणि उतारावरून हळूहळू खालच्या गावात आलो. गॅरेज म्हणजे रस्त्याकडेची पत्र्याची शेड. मालक ओकुदा-सान भलतेच बोलके निघाले. आधी त्यांनी मी कुठली, भारतात हत्ती रोज दिसतो का, हे सगळं विचारून घेतलं आणि मग बोनेट उघडलं. मंजू मध्ये बसून दोन्हीकडचं बोलणं पोचवत होती.

त्यांनी रेडिएटरच्या तोंडावर सायकलच्या पंपासारखं एक यंत्र बसवलं आणि हवा भरली. काटा चढला, थांबला आणि हळूहळू उतरू लागला. म्हणजे कुठेतरी वाट होती. आधी त्यांनी खालच्या रबरी नळीला दोष दिला, तिच्यावर बॅटरी मारून बराच वेळ बघितलं. नळी बिचारी निर्दोष. मग मलाच दिसलं. रेडिएटरच्या वरच्या प्लास्टिकच्या टाकीला केसाएवढी चीर होती आणि तिच्यातून एक गुलाबी मणी फुगत होता.

"तिथे!" मी ओरडले. मराठीत ओरडले तरी त्यांना समजलं.

ते हसले, पण लगेच त्यांचा चेहरा गंभीर झाला. काहीतरी म्हणाले. मंजूचा आवाज खाली गेला. "आई, ते म्हणतात, बाहेर गळतंय त्याची चिंता नाही. पण इंजिन तापलं होतं. आत पाणी तेलात मिसळलं असेल तर तेल दूध घातलेल्या कॉफीसारखं होतं. तसं असेल तर खर्च करू नका, गाडीचा निरोप घ्या."

"म्हणजे नुसतं आगळ असेल तर चालेल," मी म्हणाले, "सोलकढी झाली असेल तर संपलं."

मंजूला त्याही स्थितीत हसू फुटलं. तिने ते ओकुदा-साननाही समजावून सांगितलं असावं, कारण तेलाची पट्टी ओढायच्या आधी त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "सोरुकादी?"

मी डोळे मिटून घेतले. मंजूने माझा दंड घट्ट धरला होता. पट्टी पुसल्याचा आवाज आला, परत आत गेल्याचा, परत बाहेर आल्याचा.

"सोरुकादी नाइ!" ओकुदा-सान गरजले. नाही म्हणायला त्यांचा शब्द आमच्याच शब्दासारखा निघाला. पट्टीवर स्वच्छ, काळपट तेल होतं. मंजूने मला मिठीच मारली.

आता खर्चाचं. मागच्या आवारात ठमीच्याच जातीची एक मोडीत निघालेली गाडी होती. तिचा रेडिएटर काढून बसवला तर स्वस्तात काम, तेही तासाभरात. नवा मागवला तर उद्या येणार आणि मंजूचं महिन्याचं घरभाडं त्यात जाणार. ओकुदा-सान दोन्ही तळवे मांडीवर टेकवून बसले आणि त्यांनी एक साधा प्रश्न विचारला. मंजूने तो मला सांगितला नाही.

"काय म्हणाले?"

"काही नाही. जुनाच बसवूया."

"मंजू, काय म्हणाले ते?"

ती ठमीकडे बघत म्हणाली, "वसंतात शाकेन (गाडीची सक्तीची तपासणी) आहे. तोवरच चालवायची असेल तर जुना पुरे. पुढे काही वर्षं चालवणार असाल तर नवा घाला. ते विचारतायत, जपानात अजून किती राहणार."

माझा प्रश्न! तीन आठवडे मी तोंडातल्या तोंडात धरून ठेवलेला प्रश्न या गृहस्थाने रेडिएटरच्या हिशेबात सहज विचारून टाकला. आणि मंजू "जुनाच" म्हणाली होती ती माझ्याकडे न बघता.

"विद्यापीठाने मुदत वाढवून दिलीय का?" मी विचारलं.

तिने होकारार्थी मान हलवली. "तीन वर्षं. मी अजून हो म्हटलेलं नाही. तुला कसं सांगायचं ते कळेना."

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. चिपळूणच्या घरातली तिची खोली डोळ्यांसमोर आली. पण घाटात गाडीवरून हात फिरवणारी मंजूही दिसली, आणि शेवाळाचं नाव निघालं की तिचा चेहरा कसा उजळतो तेही. पोरीने माझ्यासाठी जुना रेडिएटर पत्करावा, हे मला चालणार नव्हतं. मी ओकुदा-सानकडे वळले आणि माशांच्या बाजारात लावते तो आवाज लावला.

"अताराशी!"

त्यांनी मंजूकडे पाहिलं. मी ठमीच्या बोनेटवर थाप मारून पुन्हा म्हणाले, "अताराशी! अताराशी!"

मंजू रडत होती आणि हसतही होती. ओकुदा-सान लगेच फोन करायला आत गेले.

रेडिएटर उद्या येणार, तोवर आम्हाला दाइशा (दुरुस्ती होईतो गॅरेज देतं ती बदली गाडी) मिळाली. इथली ही रीत मला फार आवडली. दाइशा म्हणजे पांढरा चिमुकला ट्रक होता, दोनच माणसांची जागा आणि आत कांद्यांचा वास. मंजू तिच्या बाबांच्या जुन्या जीपवर गिअर शिकलेली, तरी पहिले दोन फाटे आम्ही उड्या मारतच ओलांडले. मी खिडकीचा दांडा धरून हसत होते. मांडीवर आगळाची बाटली होती.

किनाऱ्याला पोचलो तेव्हा सूर्य पाण्यापासून हातभर वर होता. वाळू आमच्यासारखी काळसर नाही, फिकट. कोन्बिनीतून (चौकातलं सदा उघडं दुकान) घेतलेल्या कागदी पेल्यांत मी सोलकढी गाळली. सूर्य अगदी आमच्याकडच्यासारखा मावळला, घाई न करता, आधी लाल होऊन आणि मग चपटा होऊन.

"तीन वर्षं," मी म्हणाले, "पण दर दिवाळीला यायचं."

"येईन."

"आणि फोनवर मजेत आहे म्हणायचं नाही. खरं असेल ते सांगायचं."

"सांगेन, आई." तिने पेला पुढे केला आणि आणखी मागितली.

दुसऱ्या दिवशी ठमी नवा रेडिएटर घालून उभी होती. नव्याची शाश्वती होतीच, पण बाकी गाडी जुनी. तिचं पुढे काय, असं विचारल्यावर ओकुदा-सान म्हणाले, "योसु ओ मिमाशो." मंजूने अर्थ सांगितला, लक्ष ठेवू आणि बघू या. मी त्यांना आणि त्यांच्या बायकोला उरलेली सोलकढी दिली. ओकुदा-साननी पेला आधी हुंगला, आंबट असल्याची खात्री करून घेतली आणि मगच तोंडाला लावला. त्यांच्या बायकोने मला उमेझु (खारवलेल्या आंबट फळांचं गुलाबी पाणी) बाटलीभर दिलं. रंग बघून मी चकितच झाले. परतताना घाटात लाल दिवा लागला नाही, आणि ठमीचं दार मी दोनदा ओढून अगदी मायेने लावलं.

पुढच्या आठवड्यात मी घरी आले. निघतानाचं सामान मंजूने भरलं होतं, मला हातही लावू दिला नव्हता. चिपळूणला बॅग उघडली तर वरच्या पांढऱ्या साडीवर भला मोठा गुलाबी डाग. उमेझु! मी तशीच जमिनीवर बसून फोन लावला.

"मंजू, तुझं बांधणं गळलं गं!"

"पुढून की मागून?" ती म्हणाली. "वास घे. गोड की आंबट?"

"आंबट."

"मग इंजिन ठीक आहे," मंजू म्हणाली. "आई, मी काल सही केली. तीन वर्षांची."

मी बरं केलंस म्हणाले आणि डोळे पुसले, ते नेमके त्याच साडीच्या पदराने. असं झोंबलं की विचारू नका.

"आई, रडतेयस?"

"छे गं, उमेझु गेलं डोळ्यांत," मी म्हणाले. गळतीचा दोष बाटलीवर कसा ढकलायचा, हे मी लेकीकडूनच शिकले होते.