नांगराचं चित्र

कप्तानबाईंनी जहाजाचं सुकाणू उभ्या आयुष्यात एकदाही पाहिलं नव्हतं. बावीस वर्षं त्यांनी जहाजावर काढली, ती प्रवाशांच्या खोल्या आवरण्यात. चादरी बदलायच्या, टॉवेलच्या घड्या घालायच्या, आरशावरचे टूथपेस्टचे शिंतोडे पुसायचे आणि दिवसभर हसतमुख राहायचं. किनाऱ्यावर परतल्यावर त्या एका ट्रॅव्हल एजन्सीत लागल्या आणि तिथल्या पोरींनी पहिल्याच आठवड्यात त्यांना कप्तानबाई करून टाकलं. थट्टेत मिळालेलं नाव चिकटलं ते चिकटलंच. घरी त्यांची मोठी जाऊसुद्धा त्याच नावाने हाक मारायला लागली.

या जावेबद्दल सांगायला हवं. नवरा गेला तेव्हा कप्तानबाई सव्वीस वर्षांच्या होत्या आणि मुलगी दोन वर्षांची. मुलीला जावेच्या ओटीत टाकून त्या जहाजावर चढल्या. जावेने ती पोर वाढवली, शिकवली, तिचं लग्न लावून दिलं आणि याबद्दल एका शब्दाने कधी बोलून दाखवलं नाही. आता दोघी जावा दोन खोल्यांत राहत होत्या आणि एकमेकींच्या चुका काढण्यात त्यांचा दिवस मजेत जात होता.

एजन्सीत जहाजाच्या सहलींचं टेबल कप्तानबाईंकडे होतं. लोक येत ते चकचकीत पुस्तिका बघून, आधीच भुललेले. सोळा मजले, पाण्याच्या घसरगुंड्या, नऊ उपाहारगृहं. कप्तानबाई ती पुस्तिका शांतपणे मिटून बाजूला ठेवत आणि एकच प्रश्न विचारत.

"तुम्हाला जहाजावर राहायचंय की कुठे पोचायचंय?"

माणसं गोंधळून एकमेकांकडे बघत. पण सगळं काही या प्रश्नावर ठरतं, असं त्यांचं म्हणणं. जहाजावर राहायचं असेल तर घ्या मोठं आणि करा मजा. कुठे पोचायचं असेल तर लहान बघा, कारण मोठ्याचं बूड खोल, त्याला लहान बंदरात पाय ठेवता येत नाही. मग बाकीचं. झोप सावध असेल तर नाचघराच्या खालची खोली घेऊ नका, ती स्वस्त का मिळते हे पहिल्याच रात्री कळतं. पोटात ढवळत असेल तर खोली खालच्या मजल्यावर, जहाजाच्या मध्यावर. औषधं खांद्याच्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगा खोलीत यायला संध्याकाळ होते. जहाज सुटण्याच्या बंदरात आदल्या दिवशीच पोचा, तुमचं विमान उशिरा आलं म्हणून जहाज थांबत नसतं. हे सगळं पुस्तिकेत कुठेच नसे. पुस्तिकेत फक्त सूर्यास्त असत.

त्यांच्याकडे एके दिवशी ऑपरेटर आजी आल्या. टेलिफोन एक्सचेंजमध्ये पस्तीस वर्षं लोकांचे फोन जोडून निवृत्त झालेल्या, आणि गेली आठ वर्षं चाकाच्या खुर्चीत. एजन्सीच्या दाराला दोन पायऱ्या आहेत, त्यामुळे त्या फुटपाथवरच थांबल्या आणि कप्तानबाई आपलं स्टूल घेऊन बाहेर गेल्या. दोघींचं बोलणं शेजारच्या कपडे धुण्याच्या दुकानासमोर झालं.

आजींना एका बेटावरच्या बंदरात जायचं होतं. त्यांची धाकटी बहीण तिथे लग्न होऊन गेलेली. एकोणीस वर्षं भेट नाही. बेटावर विमानतळ नाही आणि धाकटीची हृदयाची दोन ऑपरेशनं झालेली, तिला प्रवासाची बंदी. "फोन रोज होतो हो आमचा," आजी म्हणाल्या, "पण फोनचं काय सांगू तुम्हाला, जन्म त्यातच गेला माझा. एकदा तिचा हात हातात घ्यायचाय."

कप्तानबाईंनी टेप काढून खुर्चीची रुंदी मोजली. एक जुनं, लहान जहाज त्यांना माहीत होतं. त्याचा रंग उडालेला, खोलीची खिडकी उघडत नाही, लिफ्टमध्ये खुर्ची उलटी घालावी लागते. पण ते बेटाच्या धक्क्याला थेट लागतं आणि खुर्ची फळीवरून सरळ खाली उतरते. आजींनी मान डोलावली. सही तेवढी राहिली, कारण सोबत आलेला भाचा आजींचं ओळखपत्र घरी विसरला होता.

त्यानंतर जावेचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आलं आणि कप्तानबाईंनी तीन दिवस रजा घेतली. बावीस वर्षांचं देणं असं तीन दिवसांत फिटत नाही हे खरं, पण डोळ्यांत थेंब घालायला तरी कोणी हवं.

गुरुवारी दुपारी त्या परत आल्या, तर टेबलावर आजींचं तिकीट तयार होतं. जहाज दुसरंच. सोळा मजल्यांचं.

कप्तानबाईंनी प्रवासाचा कागद उघडला. पाचव्या दिवशी बेटाचं नाव होतं आणि नावापुढे नखाएवढं नांगराचं चित्र. त्या चित्राकडे बघता बघता त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्या तडक मालकांच्या केबिनमध्ये शिरल्या. "आजींचं जहाज कोणी बदललं?"

"मीच," मालक खुशीत म्हणाले. "त्याच पैशांत बाल्कनीची खोली मिळाली. बंदर तेच. भाचा तर नाचायचा बाकी होता. आणि आपल्यालाही बरं, अजून दोन खोल्या भरल्या की कंपनी मला आणि बायकोला फुकट नेणार आहे."

"हे काय आहे?" कप्तानबाईंनी नांगरावर बोट ठेवलं.

मालकांनी चष्मा वर केला. "चित्र आहे. समुद्र, जहाज, नांगर. शोभेला टाकतात."

एकवीस वर्षं हा माणूस जहाजाची तिकिटं विकत होता. त्याने किती नांगर लोकांच्या गळ्यात मारले असतील याचा हिशोब देवच जाणे.

"शोभा नाही ती," कप्तानबाई म्हणाल्या. "त्याचा अर्थ असा की जहाज धक्क्याला लागणार नाही. लांब समुद्रात नांगर टाकून उभं राहणार आणि माणसांना छोट्या होडीतून नेणार. होडी लाटेवर वरखाली होते. तीत स्वतःच्या पायांनी पाऊल टाकता आलं नाही, तर दारावरचा अधिकारी सोडत नाही. नियमच आहे तो."

"उचलतील की चार जण."

"उचलायला मनाई आहे. मी बावीस वर्षं बघितलंय."

मालकांनी कागदावरच्या नांगराकडे पुन्हा एकदा पाहिलं. हा खरा क्षण होता. इथवर त्यांचं अज्ञान होतं, आणि अज्ञान माफ करता येतं. पण आता त्यांना कळलं होतं. आणि कळल्यावर ते म्हणाले, "कशाला उकरून काढताय? बदलायची मुदत उद्या संध्याकाळी संपते. त्यांना काही सांगू नका. तिथे गेल्यावर बघतील त्या. बहीण किनाऱ्यावर उभी राहील, या बाल्कनीत बसतील, हात करतील एकमेकींना. बाल्कनी दिलीय ना मी."

वर हसलेही. कप्तानबाईंना त्या हसण्याचा जास्त राग आला.

संध्याकाळी घरी त्यांनी भांडी घासायला घेतली आणि इतकी आदळली की जाऊ डोळ्यावरच्या पट्टीसकट उठून आली. "भांड्यांनी काय केलंय तुझं? ज्याच्यावर आदळायचंय त्याच्यावर आदळ."

"सांगू नका म्हणाले. सांगितलं तर नोकरी जाईल."

"आणि नाही सांगितलं तर?"

कप्तानबाईंनी नळ बंद केला. मग त्यांनी जावेला ती गोष्ट सांगितली, जी त्यांनी कोणालाच सांगितली नव्हती. जहाजावरच्या नवव्या वर्षी त्यांच्या मजल्यावर एक म्हातारे गृहस्थ होते, असेच खुर्चीतले. त्यांचा मुलगा राहत होता ते बंदर ज्या दिवशी येणार होतं, त्या दिवशी ते पहाटेपासून कोट घालून तयार बसलेले. जहाज नांगर टाकणार, त्यांना उतरू देणार नाहीत, हे कप्तानबाईंना आदल्या दिवसापासून माहीत होतं. पण खोल्या आवरणाऱ्यांनी प्रवाशांशी फक्त गोड बोलायचं असा हुकूम होता. त्या चादर खोचत म्हणाल्या, "आज हवा छान आहे हं." दुपारी त्या न्हाणीघर पुसायला गेल्या, तेव्हा ते गृहस्थ कोट न काढता कठड्याशी बसले होते आणि लांबच्या किनाऱ्याकडे हात हलवत होते.

"आदल्या दिवशी सांगितलं असतं तर निदान मुलाला फोन करून होडीने वर बोलावता येतं का, ते तरी विचारलं असतं त्यांनी," कप्तानबाई म्हणाल्या. "मी काय बोलले, तर हवा छान आहे."

जावेने विसळलेलं एक भांडं उचलून पालथं घातलं. "उद्या लवकर उठव मला," ती म्हणाली. "थेंब माझे मी घालून घेईन, तुला उशीर नको."

शुक्रवारी सकाळी कप्तानबाई ऑपरेटर आजींच्या घरी गेल्या. तळमजल्यावरची मागची खोली. कपड्यांच्या खुंट्या कमरेएवढ्या उंचीवर, गॅसचा ओटा कापून खाली घेतलेला, भिंतीवर एक जुना काळा हेडफोन अडकवलेला. पलंगाखाली उघडी बॅग होती आणि तिच्यात सगळ्यात वर धाकटीसाठी विणलेला स्वेटर.

आजींनी मध्ये एकदाही बोलणं न तोडता सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे लाइन दिसणार, पण जोडता येणार नाही."

"हो."

"आणि त्या माणसाला हे माहीत आहे?"

"कालपासून."

आजींनी शाल खांद्यावर ओढली. "चला. भाच्याला नको सांगायला, तो मध्येच सारवासारव करत बसेल."

साडेअकराला खुर्ची एजन्सीसमोर उभी राहिली. काचेतून बघून मालक दारात आले. चेहऱ्यावर गिऱ्हाइकांसाठी ठेवलेलं हसू. "अरे वा, आजी. या ना आत."

"कशी येऊ?" आजींनी विचारलं.

मालकांनी खाली पाहिलं. दोन पायऱ्या.

"सोमवारी तुम्हीच बाहेर येऊन माझी सही घेतलीत," आजी म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, पण पस्तीस वर्षं खराब लाइनीवरून नंबर सांगितलेला होता. समोरच्या फुटपाथपर्यंत स्वच्छ जात होता. "का आलात बाहेर? मला दोन पायऱ्या चढता येत नाहीत, हे तुम्हाला दिसलं म्हणूनच ना? ज्या बाईला तुमच्या दारात येता येत नाही, तिला तुम्ही हलत्या होडीत उतरवायला निघालात?"

कपडे धुण्याच्या दुकानातली इस्त्री थांबली. एजन्सीत बसलेलं एक जोडपं हातातली पुस्तिका मिटून ऐकू लागलं.

"अहो, तसं नाही. गैरसमज होतोय," मालक म्हणाले. "माझं म्हणणं होतं की बाल्कनीतून..."

"बाल्कनीतून हात धरता येतो?"

कप्तानबाई मालकांच्या शेजारून पायऱ्या चढून आत गेल्या, त्यांनी जुन्या जहाजाच्या कार्यालयाला फोन लावला आणि खुर्चीची रुंदी पाठ असल्यासारखी सांगितली. दोन वाजता नवं तिकीट हातात आलं. न उघडणाऱ्या खिडकीचं.

नोकरी गेली नाही. फुटपाथवर इतक्या लोकांसमोर शोभा झाल्यावर काढणार तरी कसं? पण मालकांनी कप्तानबाईंचं टेबल उचलून मागे नेलं, पाण्याच्या यंत्राशेजारी, जिथे गिऱ्हाईक चुकूनही येत नाही. त्यांच्या जागी एक नवा पोरगेला सेल्समन बसला, सूर्यास्त विकायला. मालक त्यांच्याशी बोलेनासे झाले. कप्तानबाईंनी एक लाल पेन्सिल घेतली आणि पाणी प्यायला येणाऱ्या माणसाच्या हातातला कागद मागून घ्यायला सुरुवात केली. जिथे नांगर दिसेल तिथे लाल गोल. "इथे होडी आहे. गुडघे कसे आहेत तुमचे?"

दीड महिन्याने एका दुपारी मागच्या टेबलावरचा फोन वाजला.

"कप्तानबाई आहेत का?" आवाज ओळखीचा, मागे वारा आणि समुद्रपक्ष्यांचा कलकलाट. "मी धक्क्यावरून बोलतेय. फळीवरून खुर्ची तीन मिनिटांत खाली आली. थांबा हं, जोडून देते."

आणि फोन दुसऱ्या हातात गेला. नवा आवाज बारीक, धाप लागलेला. "तुम्हीच का त्या? ताईने सगळं सांगितलं. नांगराचं, होडीचं." धाकटी थोडं थांबली. "आमच्याकडे दर बुधवारी ते मोठं जहाज येतं बघा. लांब उभं राहतं. कठड्याशी चार-सहा माणसं खुर्च्यांत बसलेली असतात, दिवसभर हात हलवतात. आम्हाला वाटायचं, हौसेने हलवतात. आम्हीसुद्धा हसून हलवायचो."

कप्तानबाईंनी फोन ठेवला तेव्हा समोर त्या नव्या सेल्समनकडून उठून आलेलं एक वयस्कर जोडपं पेल्यात पाणी भरत होतं. जोडप्यातल्या बाईंच्या हातात काठी होती आणि काखेत चकचकीत पुस्तिका.

"बघू तो कागद," कप्तानबाई म्हणाल्या, आणि केबिनच्या काचेतून मालक बघत असताना त्यांनी पेन्सिल उचलली.