गाडीत झोपलेली माणसं

गजभिये साहेब ऑफिसातल्या खुर्चीत कमी आणि बसमध्येच जास्त बसायचे. आम्ही हिंजवडीच्या कंपन्यांना बस पुरवतो. ते ड्रायव्हरांचे सुपरवायझर, मी शेजारच्या टेबलावर वेळापत्रक सांभाळणारी. रोज सकाळी ते कुठल्यातरी एका बसमध्ये ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर जाऊन बसत. हातात वही नाही, मोबाइल नाही. उतरताना ड्रायव्हरला एकच गोष्ट सांगत. "पवार, त्या म्हाताऱ्या बाईला रस्ता ओलांडू दिलात आणि हॉर्न नाही मारला. बरं वाटलं जी." झालं, एवढंच. पवार दिवसभर हवेत असायचा.

मला हे अघळपघळ वाटे. मी नारायण पेठेतली. आमच्या घरी स्वयंपाक उत्तम झाला की "मीठ बरोबर आहे" म्हणतात. एकदा मी त्यांना म्हटलंसुद्धा, "अहो साहेब, वर्षातून एकदा सगळ्यांना शाल आणि गुलाब देतोच की आपण."

ते नागपूरचे, त्यांचं बोलणं निवांत. "शाल सगळ्यांना एकच जी. माणसं काहून एकसारखी असतील?"

तरी मी माझं घोडं पुढे दामटलंच. जीपीएस बघून कोण किती लवकर पोचतो याची यादी केली, पहिल्याला 'महिन्याचा मानकरी' ठरवलं आणि यादी भिंतीवर चिकटवली. शेवटचं नाव सुतारमामांचं. त्यांनी ती वाचली आणि बसची किल्ली साहेबांच्या टेबलावर ठेवली.

"बावीस वर्षं गाडीला वरखडा न्हाई, साहेब. आन् भिंतीवर मी शेवटचा व्हय? दुसरा मानूस बघा."

माझ्या एका कागदापायी आमचा सगळ्यात जुना ड्रायव्हर चालला होता. साहेबांनी त्यांची समजूत घातली नाही, की माझ्यावर डोळे वटारले नाहीत. म्हणाले, "उद्या एक फेरी मारा, मामा. मग काय ते ठरवा. मेधाताई, तुम्हीही या."

सकाळी सातला कर्वे रोडवरून निघालो. खड्डे, सिग्नल, मधे घुसणाऱ्या रिक्षा, वाकडची नेहमीची कोंडी. मामा आपल्या चालीनं चालवत होते. हिंजवडी आली तेव्हा साहेब हळूच म्हणाले, "मागे पाहा जी."

अख्खी बस झोपली होती. कुणाचं डोकं खिडकीला टेकलेलं, कुणाचं शेजारणीच्या खांद्यावर, एकाचं तर तोंड सताड उघडं.

"एकाही ब्रेकला कोणी जागं झालं नाही," साहेब म्हणाले. मी मान डोलावली. "मला नका सांगू. त्यांना सांगा."

आली का पंचाईत! असलं काही तोंडावर बोलायची आम्हाला सवय कुठे? माणसं उतरल्यावर कशीबशी पुढे गेले. "मामा, यादी चुकली माझी. कोण लवकर पोचलं तेवढंच मी बघितलं. तुमच्या गाडीत माणसं किती निर्धास्त झोपतात, ते मला दिसलंच नाही."

मामा आरशात बघत राहिले. "मला रोज दिसतंय, मॅडम. म्हनून तर दमानं मारतो." संध्याकाळची फेरीही त्यांनीच मारली.

यंदा साहेब निवृत्त होऊन नागपूरला गेले. निरोपाच्या दिवशी एकेका ड्रायव्हरपाशी जाऊन त्याला त्याची त्याची गोष्ट सांगितली. मी आपली मागे उभी होते. मी थोडीच बस चालवते? शेवटी माझ्यापाशी आले.

"मेधाताई, त्या दिवशी परत आल्यावर यादी तुम्ही काढलीत. चिकटपट्टीचे तुकडेसुद्धा नखानं खरवडून काढलेत. सगळे चहाला गेले होते जी."

मला वाटलं होतं, तेव्हा खोलीत कुणीच नव्हतं. चारचौघांत रडायची ती माझी पहिलीच वेळ.