अख्ख्या वर्गाची एकच भीती

सातवीच्या सगळ्या पोरांचा स्कोर एकच आला. एका गुणाचाही फरक नाही. माझे साहेब फोनवर खूश. म्हणाले, "अख्खा वर्ग घाबरट? रिपोर्ट पाठवून द्या, मॅडम."

"साहेब, ही भीती नाही, कॉपी आहे," मी म्हटलं.

मी शाळांमधून फिरणारी समुपदेशक. नळदुर्गजवळच्या या गावात मुलांची 'सोशल अँग्झायटी' मोजायला गेले होते. म्हणजे चारचौघांत बोलताना, जेवताना लोक आपल्याला हसतील ही भीती. प्रत्येक वाक्यापुढे 'कधीच नाही', 'कधीकधी' किंवा 'नेहमी' यावर खूण करायची. यात बरोबर-चूक काही नसतं.

वर्गशिक्षक बिराजदार सरांनी मात्र पोरांना बजावलं होतं, "जिल्ह्याचा पेपर हाय. शाळेची इज्जत घालवू नका." पोरांनी इज्जत राखली.

सर ओशाळले. "फाडून टाकू का, मॅडम?"

"थांबा सर. मूळ कागद कुणाचा ते बघू."

कॉपी करणारा खोडत नाही, विचार करणारा खोडतो. एकाच कागदावर खोडून खोडून भोक पडलं होतं. कागद रेणुकाचा. वर्गात पहिला नंबर तिचा, म्हणून सगळ्यांनी तिचंच बघून लिहिलेलं.

"तिला कसली आलीय भीती?" सर हसले. "हट्टी हाय ती. आठवीला नळदुर्गला जात न्हाय म्हणती. बाप म्हणतो, मग शेरडं राख."

मी एकेकाला व्हरांड्यात बोलावून तेच प्रश्न तोंडी विचारले. बाकीची पोरं नुसती खिदळली. रेणुका खाली बघत बसून राहिली. मीही घाई केली नाही.

"नव्या शाळंत उभं करून नाव इचारत्याल," ती शेवटी म्हणाली. "सगळी माझ्याकडंच बघत्याल. माझा आवाजच फुटत न्हाय."

तिला विचारूनच मी तिच्या वडलांना भेटले. "पोरगी हट्टी नाही, घाबरते. यावर इलाज आहे."

"व्हय? मला वाटलं, शाळंचा कंटाळा आला," ते म्हणाले. "मग करा की इलाज. शेरडं म्या बघतो."

इलाज साधाच. आधी नाव मला सांगायचं, मग एका मैत्रिणीसमोर, मग पाच जणींसमोर, मग वर्गात. तीन महिने लागले.

नळदुर्गच्या शाळेत पहिल्या दिवशी तिला उभं केलंच. आवाज लहान होता, त्यामुळं तिथल्या सरांनी पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा सांगितलं.

हल्ली कॉपी सापडली की मी ओरडत नाही. सगळ्यांनी कुणाचं बघून लिहिलं, तेवढं आधी शोधते.