जीपमधला वायरलेस

"हवा खराब आसा," असं म्हणून आमचा जीपवाला वायरलेसच्या डोक्यावर दोन टपल्या मारायचा. तुम्हीही असा एखादा बघितला असेल. त्याचं यंत्र कधी चुकत नाही. चुकते ती हवा, नाहीतर आपले कान.

तोंडवलीत आम्हा मच्छीमारांची एक जीप आहे. होड्यांशी बोलायला तिच्यात वायरलेस. दोन्ही त्याच्या ताब्यात. इंजिन सुरू केलं की वायरलेस केकाटायचा, गाडी पळवली की आणखी वरच्या पट्टीत. होडीवाल्याचा एक शब्द कळेल तर शपथ.

"गाडी बंद केल्यार तुझी हवा बरी कशी होता रे?" मी विचारायची.

"ह्या तुमचा काम न्हय, वयनी. तुमी मासळी बघा."

रंगाचं मात्र भारी वेड. गंज नको म्हणून दरवर्षी होडीचा उरलेला रंग जीपला आतून-बाहेरून फासायचा. वायरलेसची अर्थिंगची वायरही त्या थरांवरच आवळलेली. लोखंडाला ती टेकणार कशी, नि इंजिनाची खरखर थांबणार कशी?

एकदा दुपारी माझ्या मुलाच्या होडीचं इंजिन बंद पडलं. "नांगर धरणा नाय, खडपाकडे व्हावत चललव," एवढं बंद जीपमधल्या वायरलेसवर ऐकू आलं. मदतीची होडी पुढच्या बंदरावर, तिच्यात वायरलेस ऐकायला कुणी नाही. जीप पळवली तर मुलाचा आवाज बुडणार, तो कुठे वाहतोय ते कळणार नाही; थांबलो तर पोचणारच नाही. आणि हा आपला टपल्या मारतोय.

माझा मुलगा होडीतल्या वायरखालचा रंग खरवडायचा, ते मी शंभरदा पाहिलेलं. "पानो दी हंय," म्हटलं. बोल्ट सैल केला, मासे कापायच्या सुरीने लोखंड चकचकीत होईस्तोवर खरवडलं, वायर परत आवळली. इंजिन सुरू. केकाटणं डासाच्या गुणगुणीएवढं उरलं आणि त्यातून मुलगा बोलला. तो ठिकाण सांगत राहिला, आम्ही धावत राहिलो. खडपाच्या खडकांवर आदळायच्या आत दुसऱ्या होडीने त्याला दोर टाकला.

संध्याकाळी हे महाशय बंदरावर सांगतायत, "हवा सुधारली म्हणान पोरगो वाचलो."

चारचौघांत मी त्याला किती सोलला, विचारू नका. त्याने कबूल म्हणून कधी केलं नाही. फक्त मुलगा दर्यात असला की जीप माझ्या दारात आणायचा, इंजिन मुद्दाम चालू ठेवायचा आणि म्हणायचा, "आयका."

गेल्या वर्षी तो गेला. शोकसभेत कुणीतरी बोललं, जीपमधला वायरलेस त्यानेच दुरुस्त केला. मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी गप्प बसले. खोटं पाडायला तो समोर तरी हवा ना.