न झालेल्या शहराची सहल

अबू धाबीत आल्यावर पहिली सहा वर्षं मी एका हॉटेलच्या रिसेप्शनवर होते. दिवसभर उभं राहून पायाच्या शिरा सुजल्या, तेव्हा डॉक्टर म्हणाली, बसायचं काम बघा. माझा नवरा मुसफ्फाला एका फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये सुपरवायझर आहे. त्याच्याच ओळखीतल्या कुणीतरी सांगितलं की शहराबाहेर राजधानीचा नवा भाग उभा राहतोय आणि तो लोकांना बसमधून दाखवून आणायला गाइड पाहिजेत. मी गेले आणि त्यांनी मला घेतलं. बसायचं काम म्हणून गेले खरी, पण बसमध्येही गाइडला उभंच राहावं लागतं, हे पहिल्या शनिवारी कळलं.

थंडीचे चार-पाच महिने या सहली चालत. सकाळी मॉलसमोरून बस निघायची आणि दुपारी तीनपर्यंत परत यायची. प्रत्येकाला हेल्मेट आणि हिरवट चमकणारं जॅकेट मिळे. मला इंग्रजीतली सात पानं दिली होती. लहानपणी वसईला धर्मशिक्षणाच्या वर्गात प्रार्थना पाठ केल्या होत्या, तशीच ती पानं मी पाठ केली. बसमध्ये आपली माणसं असली तर हिंदी.

मला त्या जागेचं खरंच अप्रूप वाटायचं. तिथे घरांच्या आधी रस्त्यांच्या पाट्या आल्या होत्या. चौकाचौकात सिग्नल उभे होते, काळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले. एका खड्ड्यात तर माणूस उभा राहील एवढे पाइप पडलेले असत आणि जेवणाच्या सुट्टीत कामगार त्यांच्या सावलीत आडवे व्हायचे. गेल्या आठवड्यात जिथे वाळू होती तिथे या आठवड्यात दोन मजले चढलेले दिसत. मी घरी येऊन नवऱ्याला सांगायचे, आज अमुक झालं, तमुक झालं. तो म्हणायचा, "तूच बांधतेयस असं बोलतेस."

पण बसमधल्या लोकांना तेवढं अप्रूप वाटायचंच असं नाही. फोटो काढायचे आणि मग मोबाइलमध्ये डोकं घालायचे.

पहिल्याच हिवाळ्यात, जानेवारीत, दुबईच्या ऊद मेथा भागातून मराठी मंडळींचा एक गट आला. बहुतेक सगळे सत्तरीच्या आसपासचे, मुलांकडे दोन-तीन महिन्यांसाठी आलेले आई-वडील. बस सुरू झाली, मी माइक घेतला आणि "वेलकम" म्हणते तोच मागून आवाज आला, "तुम्ही वसईच्या ना, मघाशी म्हणालात? मग मराठीत होऊ द्या की!"

मराठीत मी ती सहल कधी सांगितली नव्हती. म्हटलं, त्यात काय! आणि सुरू केलं, "इथल्या सगळ्या बिल्डिंग सस्टेनेबल आहेत, त्यांना डिस्ट्रिक्ट कूलिंग प्रोव्हाइड केलेलं आहे..."

"म्हणजे काय?"

विचारणाऱ्या बाई अगदी पहिल्या सीटवर होत्या. सुती साडी, पायात पांढरे स्पोर्ट्स शूज आणि गुडघ्यांमध्ये उभी धरलेली पांढरी काठी. त्यांना दिसत नव्हतं. बसमध्ये चढताना त्यांच्या सुनेनं मला हळूच सांगितलं होतं, आणि मीही, आज आठवून लाज वाटते, हळूच विचारलं होतं, "उतरायच्या वेळी यांना बसमध्येच बसवायचं का?" तेव्हा काकूच उत्तरल्या होत्या, "मला ऐकू येतं हो."

तर त्यांनी विचारलं, म्हणजे काय. सात पानांत त्याचं उत्तर नव्हतं. मग मनातल्या मनात जुळवत म्हणाले, "म्हणजे काकू, प्रत्येक घराला वेगळा एसी नाही. एका ठिकाणी मोठ्या कारखान्यात पाणी गार करतात. ते जमिनीखालच्या पाइपांतून सगळ्या इमारतींत फिरवतात आणि गरम झालं की परत आणतात."

"असं होय. घरोघरी माठ नाही, सगळ्या गावाला एकच माठ."

बस हसली. मीही हसले. तीन महिने मी डिस्ट्रिक्ट कूलिंग म्हणत होते आणि ते नक्की काय आहे हे मला त्या दिवशी समजलं.

पुढे मात्र गाडी अडली. पहिल्या थांब्यावर उतरून मी उजवीकडे हात केला, "इथे सरकारी कचेऱ्या येणार." तीस डोकी उजवीकडे वळली. समोर वाळू, लांब दोन क्रेन. डावीकडे हात केला, "इथे मोठी बाग." डोकी डावीकडे वळली. वाळू. एक गृहस्थ वैतागले. "मॅडम, साठ दिरहम घेतलेत, म्हणजे जवळजवळ चौदाशे रुपये. आणि दाखवताय काय? वाळू!"

काकू शांतपणे म्हणाल्या, "आज सगळेच माझ्यासारखे आहेत. मला विचारा, न दिसणाऱ्यातूनही गंमत काढता येते." मग माझ्याकडे तोंड वळवून, "हा आपण उभ्या आहोत तो रस्ता किती रुंद?"

"साठ मीटर."

"मीटरचं मला काही कळत नाही. चालून बघू या?"

रस्ता पुरा झाला होता पण वाहतुकीला सुरू नव्हता. फक्त साइटचे डंपर जात-येत. आम्हाला पिवळ्या दोरीच्या आत उभं राहायचीच परवानगी होती. तिथला सेफ्टी ऑफिसर इजिप्तचा, गलेलठ्ठ आणि कडक. त्याचं हसू मी तीन महिन्यांत पाहिलं नव्हतं. मी त्याच्याकडे जाऊन विचारलं. तो म्हणाला, "नो, मॅडम." मी म्हटलं, त्या बाईंना दिसत नाही, त्यांना रस्ता पायांनी बघायचाय. त्यानं काकूंकडे पाहिलं. वॉकीटॉकीवर अरबीत काहीतरी बोलला. मग स्वतः लाल झेंडा घेऊन रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला आणि ओरडला, "यल्ला! फाइव्ह मिनिट्स, खलास!"

मी काकूंचा दंड धरायला गेले. "तू मला नको धरूस," त्या म्हणाल्या, "मी तुला धरते. तू फक्त चाल." त्यांनी माझं कोपर धरलं आणि आम्ही निघालो. त्या पावलं मोजत होत्या, ओठ हलत होते. मागून सून, आणि तिच्यामागे हळूहळू सगळीच मंडळी. दूर एक डंपर थांबला होता आणि त्याचा ड्रायव्हर खिडकीतून मान काढून ही मिरवणूक बघत होता.

मध्यावर दुभाजक होता. तिथे काकू थांबल्या. "इथे ओलं आहे काहीतरी."

खरंच होतं. झाडांना थेंबथेंब पाणी देणाऱ्या काळ्या नळ्या होत्या आणि कमरेएवढी रोपं. मी पाठ केलेलं सांगितलं, "हे घाफ. इथलं राष्ट्रीय झाड. वाळवंटात पाण्याशिवाय तग धरतं." काकूंनी काठी माझ्याकडे दिली, खाली वाकून एक फांदी चाचपली, पानं बोटांत घेतली, काटा लागला तशी बोट झटकलं आणि पुन्हा चाचपली.

"अगं, ही तर शमी!"

मग काय विचारता. सगळ्या बायका गोळा झाल्या. कुणी म्हणे शमीच, कुणी म्हणे छे, शमी इथे कुठली. ते वैतागलेले गृहस्थ शेती खात्यातून निवृत्त झाले होते. त्यांनी चष्मा काढून पान डोळ्यांजवळ नेलं आणि म्हणाले, "शमीच आहे. शंकाच नको. राजस्थानात हिला खेजडी म्हणतात." मी ख्रिस्ती घरातली, शमीचं मला विशेष माहीत नव्हतं. काकूंनीच सांगितलं, ही गणपतीला वाहतात, दसऱ्याला पूजतात. एक आजी पानं तोडायला लागल्या. मी धावले, "तोडायची मनाई आहे हो!" काकू म्हणाल्या, "पडलेली घ्या ना. देव काही तोडलेलीच मागत नाही." मग सगळ्यांनी वाकून खालची पानं वेचली. रुमालात बांधली. सेफ्टी ऑफिसर झेंडा धरून उभा होता. पाचाची पंधरा मिनिटं झाली होती, पण त्यानं झेंडा खाली केला नाही.

पलीकडच्या कडेला पोचल्यावर काकू म्हणाल्या, "एकशे एकवीस. दुभाजकावरची धरून. बाप रे, केवढा रस्ता हा! म्हाताऱ्या माणसाला एका सिग्नलमध्ये पार नाही व्हायचा. मध्ये थांबायला जागा ठेवलीय ते बरं केलंय." त्यांच्या आवाजात खरं कौतुक होतं. आणि तो वैतागलेला माणूस आता सगळ्यांना शमीची मुळं किती खोल जातात ते सांगत होता.

जेवणाला आम्ही व्हिजिटर सेंटरमध्ये आलो. तिथे नव्या शहराची मोठी प्रतिकृती आहे. पांढऱ्या इमारती, हिरव्या बागा, आतून दिवे लागलेले. सगळं काचेखाली. काकूंना दाखवण्यासारखं तिथे काहीच नव्हतं. मी वर्णन करू लागले तर त्यांनी थांबवलं. "डाव्या-उजव्यानं माझा गोंधळ होतो. मला मांडून दाखव."

"कशानं मांडू?"

"डब्यांनी. जेवणाचे आणलेत ना सगळ्यांनी."

मंडळींनी पुऱ्या, बटाट्याची भाजी, गोडाचा शिरा असं बरंच आणलं होतं. मी लांब टेबलावरचे डबे एका बाजूला केले आणि बसले शहर मांडायला. चमचे सरळ ओळीत ठेवले, तो आपण चाललो तो रस्ता. उभे स्टीलचे डबे म्हणजे कचेऱ्या. पालथ्या वाट्या म्हणजे मशिदी. पेपर नॅपकिन म्हणजे बागा. काकूंची बोटं चमच्यांवरून सरकत डब्यांवर चढायची आणि त्या विचारायच्या, "आता मी कुठे आहे?"

थोड्याच वेळात माझ्याभोवती सगळेच जमले. कुणी काचेपाशी जाऊन बघून यायचा आणि ओरडायचा, "मॅडम, मेट्रोची लाइन बागेच्या पलीकडून आहे!" मग मी चमचे हलवायचे. एका आजोबांनी सोललेल्या संत्र्याच्या सालीचा तलाव केला. त्यांची बायको म्हणाली, "तलाव नाही तो, पार्किंग आहे." सगळे भांडत होते, हसत होते.

मग काकूंनी विचारलं, "शाळा कुठे आहे?"

मी काचेपाशी गेले. शोधली. सापडेना. तीन महिने प्रत्येक सहलीत या काचेपुढे उभी राहून बोलत होते आणि शाळा कुठे आहे हे मला माहीत नव्हतं. शेवटी शेती खात्याच्या त्या काकांनी शोधून काढली, राहत्या घरांच्या मधोमध, अशी की मुलांना मोठा रस्ता ओलांडावाच लागू नये. काकूंनी तिथे शिऱ्याची छोटी डबी ठेवायला सांगितली. "हुशारीनं केलंय हो," त्या म्हणाल्या. "कुणीतरी बसून विचार केलाय."

जेवताना मी त्यांच्या शेजारी बसले. त्या नाशिकला एका बँकेत टेलिफोन ऑपरेटर होत्या, चौतीस वर्षं. जन्मापासून दिसत नाही. "तुला एक सांगू? राग मानू नकोस. सकाळी तू बोलत होतीस ना, तसे आवाज मला फोनवर यायचे. पाठ केलेले. मी ओळखायची, हा माणूस बोलतोय पण घरी नाही." मग पुरीचा तुकडा मोडत, "शाळा शोधायला गेलीस तेव्हा मात्र घरी होतीस."

मला राग आला नाही. आला असता तरी खरंच होतं ते.

दुपारी परत आल्यावर बसमधून उतरताना त्यांची सून मागे थांबली. ती दुबईत एका फार्मसीत काम करते. म्हणाली, "मी आईंचं नाव घालतच नव्हते. त्यांना काय दिसणार, उगाच कंटाळतील. त्या हट्टच धरून बसल्या." आणि मग थोडं अडखळून, "सहा वर्षं झाली लग्नाला. मी त्यांना आज पहिल्यांदा विचारलं की तुम्ही पावलं कशी मोजता."

त्या दिवसानंतर मी ती सात पानं बाजूला ठेवली. बसमधल्या लोकांना आधी विचारायचे, तुम्हाला नव्या शहरात काय हवंय? कुणी दवाखाना म्हणे, कुणी चर्च, कुणी म्हणे इन्शाल्ला स्वस्त घर. मग ते वाळूत कुठे येणार हे आम्ही मिळून शोधायचो. सेफ्टी ऑफिसर अजूनही हसत नसे, पण माझ्या गटासाठी दोरी थोडी पुढे बांधू लागला होता.

पुढच्या हिवाळ्यात काकू पुन्हा आल्या, या वेळी फक्त सुनेबरोबर. एका कचेरीचा तळमजला तेव्हा लोकांसाठी उघडला होता. आत शिरल्यावर काकू दारातच थांबल्या, एक टाळी वाजवली आणि ऐकत राहिल्या. "किती उंच आहे गं! देवळाच्या सभामंडपासारखं." आम्ही भिंतीच्या कडेनं अर्धा तास फिरलो. दमल्या तेव्हा म्हणाल्या, "सगळं छान आहे. पण बसायला कुठेच काही नाही. म्हातारी माणसं कामं घेऊन येतील की नाही इथे?"

प्रत्येक सहलीनंतर आम्हाला एक फॉर्म भरून द्यावा लागे. त्यात मी ते लिहिलं. एरवी मी त्या रकान्यात 'ऑल गुड' लिहीत असे.

उन्हाळ्यानंतर कामावर परतले, तर त्या दालनात दोन्ही भिंतींना लाकडी बाकं. फॉर्ममुळे आली की आधीच ठरलेली होती, मला माहीत नाही, आणि कुणाला विचारायला मी गेलेही नाही. बाहेर येऊन नाशिकला फोन लावला.

"काकू, बाकं आली!"

"अरे वा! पाठ टेकायला आहे का त्यांना?"

ते मी पाहिलं नव्हतं. फोन तसाच कानाला ठेवून आत गेले, एका बाकावर बसले आणि हळूच मागे रेलले.

"आहे," मी म्हणाले.

"मग बस जरा," काकू म्हणाल्या, "आणि सांग, समोर काय काय झालंय आता?"