कागदाच्या भरवशावर सोडलेलं साल

माझी पहिली नोकरी फेब्रुवारीत लागली आणि जूनमध्ये सुटली. मधल्या चार महिन्यांत मी एक दिवसही कामावर गेलो नाही, कामचुकारपणा केला नाही की साहेबाशी भांडलो नाही. तरी सुटली. इतक्या निर्दोषपणे नोकरी घालवणारा माणूस आमच्या केदारखेड्यात माझ्याआधी झाला नसेल. अर्थात कंपनीत नोकरी लागणाराही झाला नव्हता, हे कबूल करायला पाहिजे.

मोठा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. मी औरंगाबादच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाला होतो. वसतिगृहात राहायचो आणि शिष्यवृत्ती वेळेवर आली तर दोन्ही वेळ जेवायचो. त्या हिवाळ्यात पुण्याकडच्या एका कंपनीचे तीन साहेब पोरं निवडायला कॉलेजात आले. आम्हाला एकेकाला आत बोलावलं, पुढून-मागून बघितलं, चार प्रश्न विचारले. बैलबाजारात असतं तसंच सगळं, फक्त दात तेवढे बघितले नाहीत.

"वडील काय करतात?" मधल्या साहेबानं इंग्रजीत विचारलं.

"शेतीत आहेत," मी म्हणालो.

"किती एकर?"

"साठ," मी म्हणालो. यात खोटं काही नव्हतं. माझा बाप साठ एकरातच राबत होता. ते साठ एकर कुणाचे, हे साहेबानं विचारलं नाही आणि विचारलेल्या प्रश्नांचीच उत्तरं द्यायची असं आम्हाला सरांनी बजावलं होतं.

पाच जण निवडले. त्यांत मी होतो; मधल्या साहेबानं माझ्याशी हात मिळवून मला बाजूच्या खुर्चीत बसवलं. महिन्याभरानं जाड कागदावर टाइप केलेलं पत्र आलं. वर कंपनीचं चिन्ह, खाली त्याच मधल्या साहेबाची निळ्या शाईची लांबलचक सही. आपली निवड झाल्याचं कळवण्यास आम्हाला आनंद होत आहे, एक जुलैला रुजू व्हावे. आम्हाला आनंद होत आहे, हे वाक्य मी त्या दिवशी किती वेळा वाचलं असेल त्याला गणती नाही. आपल्याला कामावर घेताना कुणाला आनंद होतो, ही माहितीच आमच्या घराण्याला नवी होती.

पत्र घेऊन गावी गेलो. शाळेच्या गुरुजींनी ते वस्तीतल्या सगळ्यांसमोर अख्खं इंग्रजीत वाचून दाखवलं. एक अक्षर कुणाला कळलं नाही, पण समाधान सगळ्यांचं झालं. बानं ते पत्र युरियाच्या पोत्यातल्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून पेटीत ठेवलं. मग जो येईल त्याला काढून दाखवायचा. दाखवताना हातात मात्र द्यायचा नाही. माय म्हणायची, "अहो, त्याची शाई उडून जाईन एखाद्या दिवशी."

आता बाचं काय होतं ते सांगितलं पाहिजे. बा गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याकडं एकवीस वर्षं सालदार होता. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी. गुढीपाडव्याला बोली होते. पैसे इतके, ज्वारी इतकी, एक घोंगडं, चपलेचा एक जोड. कागद नाही, सही नाही, अंगठासुद्धा नाही. चार माणसांसमोर मालकानं सुपारी द्यायची, गड्यानं घ्यायची, की पुढच्या पाडव्यापर्यंत दोघंही बांधले गेले. मधेच मालकानं काढायचं नाही आणि गड्यानं सोडायचं नाही. कुणी सोडलंच तर चार पंच बसून त्याची अशी काही शोभा करायचे की तो पुन्हा पंचक्रोशीत तोंड दाखवत नसे. आमच्या लोकांनी दीक्षा घेऊन अठराएक वर्षं झाली होती, घरातले देव नदीत सोडून झाले होते, पण मालकाच्या वळचणीला खोचलेला बाचा वेगळा कप तसाच होता आणि पाडव्याचं हे साल तसंच होतं. मला दोन्हींचा सारखाच संताप यायचा.

म्हणून मार्चमध्ये मी वसतिगृहातून एक कार्ड लिहिलं. लिहिलं म्हणजे हुकूमच काढला. "यंदा पाडव्याला साल धरायचं नाही. आता मी आहे." गुरुजींनी वाचून दाखवलं. हे कार्ड मी लिहिलं नसतं तर पुढचं काही सांगण्यासारखं घडलंच नसतं. चूक कंपनीची होती, मंदीची होती, जगाच्या बाजारात महागलेल्या तेलाची होती, सगळं मान्य. पण कार्ड माझं होतं.

पाडव्याला बा धुतलेलं धोतर नेसून मालकाकडं गेला. मालक सुपारी घेऊन बसलेलेच होते.

"यंदा साल न्हाई धरत, मालक," बा म्हणाला.

मालकांनी त्याच्याकडं बघितलं. "लेकराला आधी तिथं बसू दे. मंग सोड. जल्दी काय हाय?"

"कागद आलाय ना, मालक."

"कागद आलाय, लेकरू गेलं न्हाई अजून."

बा हसला. मालकाला आपल्या पोराचं बघवत नाही, असं त्याला वाटलं. मला हे नंतर कळलं तेव्हा मलाही तसंच वाटलं. मी तर दोन-चार शिव्यासुद्धा दिल्या. त्याच संध्याकाळी मालकांनी शेजारच्या धावडा गावचा एक गडी बोलावून त्याच्या हातात सुपारी दिली. बाची एकवीस वर्षांची जागा गेली आणि आम्ही घरात पुरणाची पोळी खाल्ली.

परीक्षा झाली, पास झालो. जूनमध्ये गावी आलो. जालन्याच्या शिंप्याकडून दोन पँटी शिवून आणल्या. शाळेत माझा सत्कार झाला. हार घातला, गुरुजी बोलले, सरपंच बोलले, सरपंचांच्या मागं बसलेले बिनकामाचे दोन पुढारी बोलले. माझ्यामुळं गावाचं नाव पुण्यात गाजणार असं ठरलं. हार सुकायच्या आत, म्हणजे तिसऱ्या दिवशी, पोस्टमन दुसरं पत्र घेऊन आला.

तोच कागद, तेच चिन्ह, तीच निळी सही. सध्याची व्यापारी परिस्थिती लक्षात घेता आपली नेमणूक पुढील सूचनेपर्यंत स्थगित करणे भाग पडत आहे. आपल्या उज्ज्वल भवितव्यासाठी शुभेच्छा. या वेळी कुणाला आनंद होत नव्हता, पण तसं दुःखही दिसत नव्हतं. भाषा अगदी स्वच्छ होती. चूक काढावी असा एक स्वल्पविराम सापडला नाही.

मी तडक औरंगाबादला गेलो. सर म्हणाले, "पाचही जणांना आलंय. मंदी आहे. धीर धरा." धीर धरा हे सांगायला सरांना पगार होता. पाचांतला एक जालन्याच्या तेलगिरणीवाल्याचा मुलगा. तो डोक्याला हात लावून बसला होता, कारण आता त्याला बापाच्या गिरणीवर बसावं लागणार होतं. मी त्याचं सांत्वन केलं.

घरी येऊन बाला सांगितलं. मग त्यानं पेटीतून पहिला कागद काढला, दुसऱ्याच्या शेजारी ठेवला आणि दोन्ही सह्यांवर बोट ठेवलं.

"ह्या दोन्ही एकाच माणसाच्या?"

"हो."

"त्यानंच बोलावलं अन् त्यानंच न्हाई म्हणलं? वर्षाच्या आत?"

"वर्ष सुरूच झालं नव्हतं, बा."

"सुपारी तर झाल्ती ना? मंग असं कसं मोडतो? त्याच्या गावात पंच न्हाईत का?" मग तो म्हणाला, "मी येतो तुझ्यासंगं पुण्याला. त्याच्या गावची चार शहाणी माणसं गोळा करू, त्यायच्या समोर बोलू. माणूस शिकलेला हाय, असा वंगाळ नसन तो."

मला रडू आलं आणि त्याचा रागही आला. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मी पुष्कळ शिकलो होतो, पण पुण्यात पंच का बसत नाहीत, हे बाला समजावून सांगायला मला एकही शब्द सापडला नाही.

दोन दिवसांनी आम्ही दोघं मालकाकडं गेलो. जायचं बानं ठरवलं, बोलायचं मी ठरवलं होतं, पण तिथं गेल्यावर बानं नुसतं पत्रच पुढं केलं. मालक निजामाच्या वेळचे, उर्दूत शिकलेले. त्यांनी पत्र उलटसुलट करून बघितलं आणि मला म्हणाले, "वाच, बाबा. मराठीत सांग." मग मी भर अंगणात उभा राहून माझी नोकरी कशी गेली ते ओळीओळीनं मराठीत सांगितलं. धावड्याचा नवा गडी बैलांना पाणी दाखवता दाखवता कान देऊन ऐकत होता. त्याचा चेहरा माझ्यापेक्षा उतरला होता. का ते मला लगेच कळलं. आम्ही कशाला आलो आहोत ते त्यानं ओळखलं होतं.

मालकांनी पत्राची घडी घालून परत दिली. "एकवीस वर्षं होतास माझ्याकडं," ते बाला म्हणाले. "तुझ्यासारखा गडी मला मिळायचा न्हाई, हे मी चारचौघांत सांगतो. पण ह्याला शब्द दिलाय. पाडव्यापर्यंत मला काही करता येत न्हाई."

"बराबर हाय, मालक," बा म्हणाला.

बराबरच होतं, आणि म्हणूनच माझा असा जळफळाट झाला. त्यांनी नव्या गड्याला हाकललं असतं तर मला त्यांना नावं ठेवता आली असती. कुणाला तरी नावं ठेवायची मला फार गरज होती. आमचा कप वेगळा ठेवणारा हा माणूस शब्दाला पक्का निघाला आणि माझ्याशी हात मिळवून बाजूच्या खुर्चीत बसवणारा तो साहेब असा निघाला. आता कुणावर चिडायचं ते मला ठरवता येईना. शेवटी मी घरी येऊन मायवर चिडलो.

त्या वर्षी बा पावसाळ्यात रोजानं खुरपायला जायचा. बायकांच्या ओळीत बसायला तो लाजायचा, पण जायचा. दिवाळीनंतर भोकरदनच्या रस्त्यावर खडी फोडायचं सरकारी काम निघालं, तिथं आम्ही दोघं गेलो. तिसऱ्या दिवशी कारकुनानं मला विचारलं, "शिकला किती रे?" मी सांगितलं. तो आधी हसला, मग त्यानं हजेरीचं पुस्तक माझ्या हातात दिलं आणि स्वतः सावलीत आडवा झाला. तेव्हापासून मी बाभळीखाली बसून हजेरी मांडायचो आणि बा समोर उन्हात हातोडा चालवायचा. मी मान खाली घालून आकडे लिहायचो. तो मात्र शेजारच्या माणसाला मोठ्या कौतुकानं सांगायचा, "आमचं पोरगं हाय ते. साहेबानं त्याला पुस्तक देल्लं." एवढ्यानंही त्याला आनंद होत होता.

इकडं मी अर्ज करत होतो. नाव नोंदणीच्या कचेरीत खेटे घालून दोन्ही पँटींच्या बुडाला चकाकी आली. आणि फाल्गुनात, पाडव्याला आठ दिवस असताना, त्याच कंपनीचं तिसरं पत्र आलं. परिस्थिती सुधारल्यामुळं आपण एक मे रोजी रुजू व्हावे. कळवण्यास आनंद होत होताच.

मी धावत घरी गेलो. बानं ऐकून घेतलं. "चांगलं झालं," म्हणाला. मायच्या डोळ्यांना धार लागली. पण या वेळी बानं वस्तीतल्या कुणाला बोलावलं नाही, गुरुजींकडंही गेला नाही. पाडव्याच्या सकाळी धुतलेलं धोतर नेसून निघाला तेव्हा मी दारात आडवा झालो.

"कुठं निघाला?"

"मालकाकडं. धावड्याच्या गड्याचं साल सरलं आज."

"बा, कागद आलाय."

"मागल्या सालीही आल्ता," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. मी बाजूला झालो. दुसरं काय करणार होतो?

मी पुण्याला गेलो. या वेळी नोकरी खरोखरच मिळाली. मला बसायला टेबल मिळालं, पहिला पगार मिळाला, दुसरा मिळाला, तिसरा मिळाला. निळ्या सहीचा साहेब रोज जिन्यात भेटायचा आणि माझ्याकडं बघून हसायचा. मी कोण, हे त्याला ठाऊक नव्हतं. महिन्याला मी घरी पैसे पाठवायचो आणि तिकडं बा पहाटे उठून दुसऱ्याच्या बैलांचं शेण काढायचा. प्रत्येक पत्रात मी लिहायचो, साल सोड. उत्तरात खुशाली तेवढी यायची.

दिवाळीला गावी गेलो तो आधी घरी न जाता सरळ मालकाकडं गेलो. आता माझ्या पायात बूट होते आणि बोलायची हिंमत होती. "त्यांना मोकळं करा," मी म्हणालो. "हवं तर दुसऱ्या गड्याचा खर्च मी देतो."

भांडायची सगळी तयारी करून गेलो होतो. पण मालक म्हणाले, "मी तर आखाडातच म्हणलो त्याला. पोरगं कमावतंय, जाय घरी. पंच बसवत न्हाई, काही न्हाई. तोच ऐकून न्हाई राह्यला. तूच विचार."

बा गोठ्यात होता. सहा महिन्यांत तो वाळला होता, एक खांदा खाली आला होता. मी त्याचा हात धरला. "चल घरी. मालकांनी सोडलंय तुला. माझी नोकरी पक्की झाली, कागद दाखवू का?"

कागद म्हटल्यावर त्यानं हात सोडवून घेतला. "सुपारी घेतली मी चौघांत," तो म्हणाला. "मधीच सोडून जायला मी काय कंपनी हाय का?"

पाडव्याला अजून पाच महिने होते. ते त्यानं पुरे केले.